देणे आणि सोडणे : एका जुन्या मोटारसायकलीच्या निमित्ताने



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्याजवळ मी चार वर्षे गणित शिकलो. या व्यासपीठावरून आजवर प्राध्यापक, साहित्यिक आणि न्यायमूर्ती बोलून गेले आहेत. मी उद्यमबागेत लेथवर आयुष्य काढलेला मनुष्य. माझ्यासारख्याला आपण येथे पाचारण केलेत, हे शाळेचे आपल्या सर्व प्रकारच्या विद्यार्थ्यांवरचे प्रेम आहे, असे मी समजतो. मोठ्या विषयाला हात घालण्याचा माझा अधिकार नाही. म्हणून ज्या वस्तूशी माझा हाताने परिचय आहे, अशी एक वस्तू घेऊन मी आपल्यापुढे आलो आहे. ती वस्तू म्हणजे एक जुनी मोटारसायकल. आणि माझा विषय आहे, तिचे दान.

दान हा शब्द आपल्याकडे इतका पवित्र मानला गेला आहे की, त्याची चिकित्सा करणे अनेकांना अप्रशस्त वाटते. परंतु आपल्या पूर्वजांनी ती निर्भयपणे केलेली आहे. कठोपनिषदाचा आरंभच मुळी एका सदोष दानाने होतो. वाजश्रवसाने यज्ञ मांडला आणि सर्वस्व देऊन टाकण्याचा संकल्प सोडला. परंतु दक्षिणेच्या म्हणून ज्या गाई निघाल्या त्या अखेरचे गवत खाऊन चुकलेल्या, अखेरचे दूध देऊन बसलेल्या. हे पाहून त्याच्या बालवयीन पुत्राच्या, नचिकेताच्या मनात श्रद्धा जागी झाली आणि त्याने पित्याला प्रश्न विचारला. आपण नचिकेत आणि यम यांचा संवाद आठवतो. पण तो संवाद ज्या गाईंमुळे घडला, त्यांच्याकडे आपले लक्ष जात नाही. त्या गाई ज्या ब्राह्मणाच्या दारी जाणार होत्या, त्याला त्यांच्यापासून दूध मिळणार नव्हते. चारा मात्र घालावा लागणार होता. देणाऱ्याचे ओझे घेणाऱ्याच्या दारी नेऊन बांधणे आणि त्याला दान म्हणणे, हा प्रकार इतका प्राचीन आहे.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार केले आहेत. तेथे कसोटी दिलेली आहे ती देश, काल आणि पात्र यांची. वस्तू किती मौल्यवान आहे, याची नव्हे. विनोबाजींनी दानाचा अर्थ सांगताना शंकराचार्यांच्या व्याख्येचा आधार घेऊन दान म्हणजे समान वाटणी असे प्रतिपादन केले आणि १९५१ साली तेलंगणातील पोचमपल्ली येथून भूदानाचा आरंभ केला. त्या महान यज्ञातही मिळालेल्या जमिनींपैकी बरीच जमीन खडकाळ किंवा कज्जेदलालीत अडकलेली निघाली, हे आपण जाणतोच. तेव्हा वस्तू देताना ती घेणाऱ्याच्या हाती गेल्यावर तिचे काय होईल, हा प्रश्न विचारणे म्हणजे कृपणता नव्हे. गुरुजी उत्तराखाली दोन रेघा ओढण्यापूर्वी ताळा करावयास लावीत. दानाचाही असा ताळा करता येतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता त्या मोटारसायकलीविषयी. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, ते वैद्यकीय व्यवसाय करीत. त्यांनी १९६२ साली एक जावा २५० घेतली. जावा हे नाव मुळात प्रागचे. फ्रांतिशेक यानेचेक या उद्योजकाने १९२९ साली वांडरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकल बनविण्याचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून 'जावा' हे नाव केले. आपल्या देशात मैसूर येथे आयडियल जावा या कारखान्यातून १९६१ पासून या गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे त्यांचे नाव येझदी झाले आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. २०१८ साली ते नाव पुन्हा बाजारात आले. पण ती गाडी निराळी आहे.

जुन्या जावाची रचना मोठी विचारपूर्वक केलेली होती. सिलिंडर एकच, पण धूर सोडणाऱ्या नळ्या दोन. किक मारण्याचा आणि गिअर बदलण्याचा दांडा एकच. तो मागे वळविला की किक आणि पुढे आणला की गिअर. गिअर बदलताना क्लच आपोआप सुटत असे. इंजिन दोन फेऱ्यांचे, म्हणून तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागे. दुरुस्तीला अवजारे थोडी लागत. अशी गाडी घेऊन अण्णा पावसाळ्यातही खानापूर तालुक्यातल्या जांबोटी आणि कणकुंबीच्या बाजूला रुग्ण पाहावयास जात. मलप्रभेचा उगम असलेला तो मुलूख. तेथील पाऊस ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना त्या प्रवासाचे वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही.

१९९४ साली अण्णा गेले. गाडी आमच्या घराच्या पडवीत उभी राहिली आणि पुढे सत्तावीस वर्षे उभीच राहिली. वर्षातून एकदा दसऱ्याला आम्ही तिला पुसून झेंडूची माळ घालीत असू.

२०२१ साली वडिलोपार्जित घराची वाटणी करण्याची वेळ आली, तेव्हा भिंतींचा आणि भांड्यांचा निर्णय एका दुपारी झाला. गाडीचा मात्र होईना. पुण्याला असलेला माझा धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, आज अशा गाड्यांना हौशी लोक चांगली किंमत देतात. विकू आणि तीन वाटण्या करू." त्यात गैर काहीच नव्हते, त्याच्या घरी आजारपण होते आणि पैशाची निकडही होती. वडोदऱ्याला दिलेली माझी बहीण म्हणाली, "अण्णांची गाडी परक्याच्या हाती द्यायची नाही. जागा नसेल तर मी माझ्याकडे नेते." माझ्या मनात निराळेच होते. आपल्या शहरात एक सेवाभावी संस्था असाध्य रोगाने अंथरुणाला खिळलेल्या माणसांची त्यांच्या घरी जाऊन शुश्रूषा करते. गाडी त्या संस्थेला द्यावी, असे मला वाटत होते. तीन भावंडे आणि तीन मते. चार-पाच महिने आमचे एकमेकांशी बोलणे कामापुरतेच राहिले होते, हे सांगण्यास मला संकोच वाटत नाही. वाटणीच्या वेळी पुष्कळ घरांत असे घडते.

त्या अवधीत मी संस्थेच्या कोषाध्यक्षा बाईंना भेटलो आणि माझा मनोदय सांगितला. त्यांनी दिलेले उत्तर मी आजच्या विद्यार्थ्यांसाठी मुद्दाम सांगतो. त्या म्हणाल्या, "अण्णांविषयी आम्हाला फार आदर आहे. पण ही गाडी ठेवायला आमच्याकडे छप्पर नाही, चालवायला माणूस नाही आणि विकायला वेळ नाही." इतक्या थोड्या शब्दांत दानाची इतकी परिपूर्ण चिकित्सा मी अन्यत्र ऐकलेली नाही. दान नाकारण्याचे धैर्य फार थोड्या संस्थांपाशी असते. बहुतेक संस्था दात्याचे मन मोडू नये म्हणून वस्तू स्वीकारतात, आणि मग ती कोठे तरी कोपऱ्यात गंजत पडते.

हा अनुभव केवळ आपल्याकडचा नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बॅरी कोलमन हे इंग्रज पत्रकार आणि रँडी मामोला हे अमेरिकन मोटारसायकल-स्पर्धक सोमालियात गेले होते. बालकांच्या आरोग्यकार्यासाठी तेथे मोटारसायकली धाडण्यात आल्या होत्या. पण त्यांपैकी कितीतरी गाड्या लहानसहान बिघाडामुळे टाकून दिलेल्या त्यांना आढळल्या. गाडी देणाऱ्यांनी गाडी दिली होती. तेल बदलणारा, साखळी ताणणारा, सुटा भाग पोचविणारा माणूस दिला नव्हता. या निरीक्षणातून बॅरी आणि त्यांच्या पत्नी अँड्रिया यांनी मामोला यांच्यासह 'रायडर्स फॉर हेल्थ' ही संस्था उभी केली. गॅम्बिया, लेसोथो, झिम्बाब्वे अशा देशांत आरोग्यसेवकांच्या गाड्या बंद पडण्यापूर्वीच त्यांची नियमित निगा राखणे, हे तिचे मुख्य कार्य होते. गाडी ही मदत नव्हे, चालती गाडी ही मदत होय, हा धडा त्या संस्थेने घालून दिला.

अमेरिकेतील एक गोष्ट याच संदर्भात उद्बोधक आहे. तेथे जुने वाहन धर्मादाय संस्थेला देऊन करात सवलत घेण्याची पद्धत फार रूढ होती. तेथील संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००३ साली अशा दानांपैकी ५४ वाहनांचा माग काढला. दात्यांनी वाहनाची जी किंमत सांगून सवलत घेतली होती, तिच्या ५ टक्के किंवा त्याहूनही कमी रक्कम सुमारे दोन तृतीयांश प्रकरणांत संस्थेच्या हाती पडली होती. मधली रक्कम लिलाव, वाहतूक, जाहिरात आणि मध्यस्थ यांत गेली होती. शिवाय दात्यांनी किंमत फुगवून सांगितली होती, ती वेगळीच. पुढे २००५ पासून कायदा बदलला. ५०० डॉलरहून अधिक सवलत मागितली, तर सामान्यतः संस्थेने वाहन विकून प्रत्यक्ष जितकी रक्कम मिळविली, तितक्याच रकमेची सवलत मिळू लागली. संस्था ते वाहन स्वतःच्या कार्यासाठी खरोखर वापरणार असेल, तर मात्र अपवाद ठेवला गेला. कायद्याने दात्याला ताळा करावयास लावला, तो असा.

याच्या उलट, दान सफल झाल्याचीही उदाहरणे आहेत. हार्ले-डेव्हिडसन कंपनीला ११० वर्षे झाली तेव्हा, २०१३ साली, पोप फ्रान्सिस यांना एक मोटारसायकल भेट देण्यात आली. त्यांनी तिच्या टाकीवर स्वाक्षरी केली आणि ती दान केली. ६ फेब्रुवारी २०१४ रोजी पॅरिस येथे तिचा लिलाव झाला. १२ ते १५ हजार युरो येतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात २ लाख ४१ हजार ५०० युरो आले. ही रक्कम रोमच्या टर्मिनी रेल्वे स्थानकाजवळील निराश्रितांच्या वसतिगृहासाठी आणि अन्नछत्रासाठी होती. ब्रिटनमध्ये २०१५ साली एका सद्गृहस्थांनी मृत्युपत्राने दिलेल्या दोन जुन्या फेरारी मोटारी विकून समुद्रात संकटात सापडलेल्यांना वाचविणाऱ्या जीवरक्षक नौकांच्या संस्थेला सुमारे ८५ लाख पौंड मिळाले. या दोन्ही ठिकाणी दात्याने, वस्तू तशीच जपून ठेवा, अशी अट घातली नाही. वस्तू सुटली, म्हणून तिचे अन्न झाले आणि नौका झाली.

कोषाध्यक्षा बाईंचे उत्तर मी दोन्ही भावंडांना जसेच्या तसे पत्राने कळविले. बहिणीचे उत्तर आले. तिने लिहिले होते की, लहानपणी एकदा मध्यरात्री जांबोटीहून माणूस बोलावण्यास आला, तेव्हा घरात ती तापाने फणफणली होती. अण्णांनी तिच्या कपाळावर हात ठेवला, आईला औषध सांगितले आणि गाडी काढली. त्या रात्रीचा राग तिच्या मनात कित्येक वर्षे होता. शेवटी लिहिले होते : "दादा, माझ्या तापापेक्षा जी गाडी महत्त्वाची ठरली, तिला मी माझ्या दिवाणखान्याच्या शोभेसाठी ठेवू, हे अण्णांना आवडले नसते. तुम्हाला योग्य वाटेल ते करा." हे पत्र भावाने वाचले आणि त्यानेही आपली वाटणी सोडली. त्याच्या घरची अडचण मला ठाऊक असल्याने हा त्याग माझ्या त्यागाहून मोठा होता. दानपत्रावर त्याचे नाव प्रथम असावे असा आग्रह मी धरला. त्याने तो मानला नाही.

मग आम्ही गाडी तयार करण्यास घेतली. उभ्या राहिलेल्या यंत्राची झीज चालत्या यंत्राहून अधिक होते, हे तंत्राच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. टाकीतले पेट्रोल उडून जाते आणि कार्बोरेटरच्या सूक्ष्म छिद्रांत डिंकासारखा थर बसतो. टाकीला आतून गंज चढतो. रबरी ऑइल सील कडक होऊन तडकतात. दोन फेऱ्यांच्या इंजिनात क्रँकला वंगण मिळते ते पेट्रोलमधल्या तेलातून. इंजिन फिरलेच नाही तर दमट हवा आत शिरून बेअरिंगला गंज धरते. माझ्या कारखान्यातील दोन उमेदवार मुलांनी सात महिने सुटीच्या दिवशी हे काम केले. टाकीत नट घालून ती खळखळवून साफ केली, क्रँक नव्याने बसविला, विजेच्या तारा बदलल्या. रंगाला मात्र आम्ही हात लावला नाही. गडद तांबडा रंग जागोजागी उडालेला होता आणि टाकीच्या दोन्ही अंगांना गुडघे घासून गुळगुळीत झालेल्या खुणा होत्या. जाणकार संग्राहक असा मूळ रंगच अधिक मोलाचा मानतात; नवा रंग केव्हाही देता येतो, मूळ रंग एकदाच असतो.

यंत्राहून कागदपत्रांचे काम अवघड निघाले. नोंदणीपुस्तक मैसूर राज्याचे होते. त्या नावाचे राज्यच १९७३ पासून राहिलेले नाही. मालक दिवंगत असल्यास प्रथम सर्व वारसांच्या संमतीने नमुना ३१ भरून वाहन एका वारसाच्या नावे करावे लागते; त्यानंतरच नमुना २९ आणि ३० भरून ते दुसऱ्याच्या नावे होते. जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. तिच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असते आणि ती दहा वर्षे चालते. असे वाहन प्रदर्शन, फेरी, देखभाल अशा कारणांसाठी रस्त्यावर आणता येते; रोजच्या किंवा व्यापारी वापरासाठी नाही. म्हणजे आपली जुनी गाडी या वर्गात नोंदवून एखाद्या संस्थेला रोजच्या कामासाठी देणे, हे दान कायद्यानेच निष्फळ होय.

कराच्या बाबतीतही एक गोष्ट सांगून ठेवतो. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८०-जी खालील सवलत पैशाच्या रूपाने दिलेल्या देणगीलाच होती, वस्तूच्या रूपाने दिलेल्या देणगीला नव्हती; आणि २ हजार रुपयांवरील रोख देणगीलाही ती मिळत नसे, रक्कम धनादेशाने किंवा बँकेमार्फत द्यावी लागे. म्हणून आम्ही वाहन संस्थेच्या नावे केले नाही. इच्छुकांकडून बंद पाकिटात किंमती मागविल्या, पाकिटे संस्थेच्या कार्यकारिणीसमोर उघडली, सर्वाधिक किंमत देणाऱ्याला गाडी दिली आणि आलेली संपूर्ण रक्कम त्याच आठवड्यात धनादेशाने संस्थेकडे सुपूर्द केली. दुरुस्तीचा खर्च आम्ही भावंडांनी सोसला. यामुळे संस्थेला ना छप्पर शोधावे लागले, ना माणूस, ना वेळ.

गाडी घेणारे गृहस्थ दूरचे होते. गाडी टेम्पोत चढविली गेली तेव्हा त्यांनी मला विचारले, "आपली काही अट आहे का?" रंग बदलू नका, असे शब्द माझ्या ओठांवर आले होते. मी ते उच्चारले नाहीत. आपण दिलेल्या वस्तूवर आपला हात राहू देणे म्हणजे ती अर्धीच देणे होय. ते पुढे तिला कोणता रंग देतील, कोणत्या प्रदर्शनात नेतील, हा आता त्यांचा अधिकार. या शांत वाटणाऱ्या वाक्यापर्यंत येण्यास मला किती दिवस लागले, ते मी आपणांस सांगत नाही.

संस्थेने त्या रकमेतून घरोघरी जाणाऱ्या परिचारिकेसाठी एक साधी नवी स्कूटर घेतली. उरलेली रक्कम बँकेत ठेवून तिच्या व्याजातून इंधन, विमा आणि देखभाल भागवावी, एवढी सूचना मी केली आणि कार्यकारिणीने ती मान्य केली. आज ती परिचारिका आठवड्यातून दोन दिवस जांबोटीच्या रस्त्याने जाते. स्कूटरवर आमच्या कोणाचेही नाव नाही. अण्णांच्या गाडीवरही रुग्णांनी दिलेल्या फीचे नाव नव्हते.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशा वस्तू असतील : आजोबांचे घड्याळ, आजीचे शिवणयंत्र, कोणाची सायकल, कोणाची पुस्तके. त्या जपून ठेवू नका, असे मी म्हणत नाही. जी वस्तू आपण खरोखर जपतो, जी आपल्या वापरात आहे, ती ठेवण्यात काहीच वावगे नाही. परंतु जी केवळ टाकवत नाही म्हणून पडून आहे, तिच्याविषयी स्वतःला चार प्रश्न विचारा. ही वस्तू ज्याला द्यावयाची, त्याला ती हवी आहे का, हे मी त्यालाच विचारले आहे काय? ती त्याच्या हाती चालू स्थितीत आणि निर्वेध कागदपत्रांसह जाईल काय? तिची उद्याची निगा कोण राखील? आणि ती गेल्यावर तिच्याकडे वळून न पाहण्याची माझ्या मनाची तयारी आहे काय? यांपैकी पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे थोड्या श्रमाने मिळतात. चौथ्याचे उत्तर प्रत्येकाने आपल्यापाशी शोधावयाचे असते, आणि तेथे कोणी कोणाला साहाय्य करू शकत नाही.

 गुरुवर्यांच्या स्मृतीला वंदन करून मी आपली रजा घेतो.